जंगलातून परतलेली मनं आणि बंदीतली औषधं

बस्तरमधलं युद्ध संपत आलं आहे, असं सरकार म्हणतं आणि घटनाही तसंच सांगतात. २१ मे २०२५ रोजी अबूझमाडच्या जंगलात माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वरिष्ठ माओवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली आणि पाठोपाठ जगदलपूरला २१० जण शरण आले. यात समाधान मानायलाच हवं. पण युद्धातून येणाऱ्या मानसिक आघाताचा स्वभाव वेगळा आहे. गोळीबार चालू असतो तोवर तो पुष्कळदा दिसतच नाही. माणूस घरी परतला, हाताला काम उरलं नाही, रात्री शांत झाल्या की तो डोकं वर काढतो. कधी कधी निवृत्तीनंतर पाच-सात वर्षांनी. म्हणजे या आजाराचा खरा काळ आमच्याकडे आता सुरू होतो आहे.

आमच्याकडे म्हणजे रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात. उरला आणि सिलतरा इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांवर, रोलिंग मिलच्या फाटकांवर जे गार्ड उभे असतात, त्यांत निवृत्त जवान बरेच सापडतात. त्यातले एक आमच्या परिचयाचे आहेत. बस्तरमध्ये अनेक वर्षं नोकरी केलेले. गल्लीत नळाच्या पाइपसाठी रस्ता खोदून पुन्हा बुजवला की ते त्या ताज्या मातीवर पाय ठेवत नाहीत. लांबून वळसा घालतात, सायकल हातात धरून भिंतीच्या कडेने जातात. बस्तरमध्ये ताज्या मातीचा अर्थ एकच असतो, तिच्याखाली आयईडी, म्हणजे पेरलेला स्फोटक, असू शकतो. नोकरीत याच सवयीने त्यांचा जीव वाचवला. आता तीच सवय त्यांना भाजी आणायला जाऊ देत नाही. ‘सर्चिंग’च्या दिवसांबद्दल विचारलं तर ते चहा पुढे करतात आणि विषय बदलतात.

अशा माणसांच्या घरी हल्ली मोबाइलवर एक बातमी फिरते: अमेरिकेत माजी सैनिकांना एमडीएमए देतात, मशरूममधलं सायलोसायबिन देतात आणि वर्षानुवर्षांचा आघात दोन-तीन बैठकांत उतरतो. खरंच उतरतो का? आणि उतरत असेल तर तो उपचार इथे का नाही? या दोन प्रश्नांसाठी हा आढावा.

आधी आजार काय आहे ते थोडक्यात. व्हिएतनाम युद्धानंतर १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आघातोत्तर तणाव विकाराला, म्हणजे पीटीएसडीला, आपल्या निदानसूचीत जागा दिली. घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, तिची आठवण करून देणारं सगळं टाळणं, सतत सावध राहणं, मन बधिर होणं ही त्याची मुख्य लक्षणं. त्यावर आज मान्य असलेले उपचार मुळात बोलण्याचेच आहेत. एडना फोआ यांची दीर्घ सामोरं जाण्याची पद्धत, पॅट्रिशिया रेसिक यांची विचारप्रक्रिया चिकित्सा आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर पद्धत. जोडीला सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या गोळ्या. हे उपचार काम करतात, पण सगळ्यांवर नाही. शिवाय बरेच सैनिक ते अर्ध्यावर सोडतात, कारण त्यांत नेमक्या त्याच आठवणीकडे परत परत जावं लागतं जिच्यापासून माणूस पळत असतो. भ्रमजनक औषधांची कल्पना याच अडचणीतून आली. भीती काही तासांसाठी बाजूला ठेवता आली, तर माणूस त्या आठवणीजवळ बसू शकेल.

ही कल्पना जुनी आहे. आल्बर्ट हॉफमनने १९३८ मध्ये एलएसडी तयार केलं आणि १९४३ मध्ये त्याचा परिणाम त्याच्या लक्षात आला. त्यानंतर नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये यान बास्टियान्स या मानसोपचारतज्ज्ञाने नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांवर एलएसडीच्या मदतीने उपचार केले. आउशवित्झमधून वाचलेला लेखक का-त्सेटनिक १९७६ मध्ये त्याच्याकडे गेला होता. तोपर्यंत बहुतेक देशांत एलएसडीवर बंदी आली होती. एमडीएमए त्याहून जुनं. ते १९१२ मध्ये जर्मनीच्या मर्क कंपनीत तयार झालं आणि विसरलं गेलं. सत्तरच्या दशकात अलेक्झांडर शुल्गिनमुळे ते अमेरिकन मानसोपचारकांपर्यंत पोहोचलं, तिथून नाचगाण्याच्या पार्ट्यांत शिरलं आणि १९८५ मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी रिक डॉब्लिनने ‘मॅप्स’ ही संस्था काढली, ती याच औषधाला दवाखान्यात परत आणण्यासाठी.

इथे एक खुलासा करायला हवा. पुण्या-मुंबईच्या बातम्यांत ‘एमडी’ म्हणून जे पकडलं जातं, कुरकुंभच्या कारखान्यात २०२४ मध्ये ज्याचा मोठा साठा सापडला, ते मेफेड्रोन. ते एमडीएमए नव्हे, आणि पीटीएसडीवर एमडीएमएच्या ज्या चाचण्या झाल्या त्यांच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. रस्त्यावर जे एमडीएमए म्हणून विकलं जातं त्यात काय मिसळलेलं आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

एमडीएमएच्या चाचण्यांत काय घडतं ते जवळून पाहणं गरजेचं आहे, कारण सगळं मर्म तिथे आहे. ‘गोळी दिली आणि बरा झाला’ असा हा उपचार नाही. आधी तीन तयारीच्या बैठका, प्रत्येकी दीड तासाच्या. उपचारक दोन असतात आणि शेवटपर्यंत तेच राहतात. मग औषधाचा दिवस. खोली दवाखान्यासारखी नसते. पलंग किंवा कोच, मंद उजेड, डोळ्यांवर पट्टी, कानावर शब्द नसलेलं संगीत. सकाळी औषध, दीड-दोन तासांनी त्याच्या निम्मी पूरक मात्रा, मध्ये मध्ये रक्तदाब आणि ताप तपासणं. रुग्ण आठ तास त्या खोलीत असतो. उपचारक फारसं बोलत नाहीत. रुग्ण आत गेला तर जाऊ देतात, बोलू लागला तर ऐकतात. तो त्या रात्रीबद्दल, त्या मेलेल्या साथीदाराबद्दल बोलू लागतो. एरवी हे बोलताना छाती धडधडून तो उठून गेला असता. एमडीएमएने मेंदूत सेरोटोनिन मोठ्या प्रमाणात सुटतं, ऑक्सिटोसिन वाढतं, भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालाची उसळी उतरते, असं शास्त्रज्ञ सांगतात. दुसऱ्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यांत जे वर आलं त्यावर बोलण्याच्या बैठका. असा फेरा साधारण महिन्याच्या अंतराने तीनदा. औषधाचे दिवस तीन, बोलण्याच्या बैठका बारा. सगळं मिळून सुमारे बेचाळीस तास, आणि उपचारक दोन असल्याने त्यांचे चौऱ्याऐंशी.

आता निकाल. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये मायकेल मिथोफर यांनी केलेली पहिली छोटी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. वीस रुग्णांपैकी एमडीएमए मिळालेल्या बारा जणांत दहा सुधारले, न मिळालेल्या आठांत दोन. २०१८ च्या चाचणीत २६ जण होते: २२ माजी सैनिक, तीन अग्निशामक जवान आणि एक पोलीस. वर्षभराने तपासलेल्या २४ पैकी १६ जणांत पीटीएसडीचे निकष उरले नव्हते. त्याआधीच, २०१७ मध्ये, अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने या उपचाराला ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला होता. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०२१ मधल्या पहिलीत ९० रुग्ण होते. एमडीएमए गटातल्या ६७ टक्क्यांचं निदान उरलं नाही, दुसऱ्या गटात ३२ टक्क्यांचं. २०२३ च्या दुसरीत १०४ रुग्ण, आणि प्रमाण ७१.२ विरुद्ध ४७.६ टक्के.

असे आकडे मनोविकारांच्या औषधशास्त्रात क्वचित दिसतात. तरीही ४ जून २०२४ रोजी एफडीएच्या सल्लागार समितीने परिणामकारकतेच्या प्रश्नावर नऊ विरुद्ध दोन मतांनी नकार दिला आणि फायदा धोक्याहून जास्त आहे का या प्रश्नावर दहा विरुद्ध एक. ९ ऑगस्टला एफडीएने मंजुरी मागणाऱ्या लायकोस कंपनीचा अर्ज परत पाठवून आणखी एक चाचणी मागितली. कारणं हलकी नव्हती. एमडीएमए घेतलेल्या माणसाला आपण खरं औषध घेतलंय हे कळतंच, त्यामुळे तुलना आंधळी राहत नाही. काही वाईट परिणाम नोंदवलेच गेले नाहीत, असा आक्षेप होता. कॅनडातल्या एका चाचणीत उपचारकांनी औषधाच्या अमलाखालच्या रुग्ण महिलेशी गैरवर्तन केल्याचं उघड झालं होतं. त्याच ऑगस्टमध्ये ‘सायकोफार्माकॉलॉजी’ नियतकालिकाने या चाचण्यांवरचे तीन लेख नैतिक उल्लंघनामुळे मागे घेतले. या औषधाने माणूस इतका मोकळा होतो की समोरच्यावर पूर्ण विसंबतो. ज्या गुणामुळे औषध काम करतं त्याच गुणामुळे रुग्ण असुरक्षित होतो. उपचारकावर देखरेख नसेल तर हा उपचार धोक्याचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण दार बंद झालेलं नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना पीटीएसडीसाठी एमडीएमए आणि हट्टी नैराश्यासाठी सायलोसायबिन लिहून देण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने पीटीएसडी आणि दारूचं व्यसन एकत्र असलेल्या सैनिकांवरच्या एमडीएमए अभ्यासाला पैसे दिले. साठच्या दशकानंतर या खात्याने असं प्रथमच केलं. टेक्सासने २०२१ मध्ये सैनिकांसाठी सायलोसायबिनच्या अभ्यासाला आणि २०२५ मध्ये आयबोगेन या वनस्पतिजन्य भ्रमजनकाच्या चाचण्यांसाठी पाच कोटी डॉलरला मंजुरी दिली. आयबोगेनवर स्टॅनफर्डने २०२४ मध्ये तीस माजी विशेष दल सैनिकांचे चांगले निकाल दिले, पण त्यात तुलनेचा गट नव्हता आणि आयबोगेन हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतं. त्याबद्दल इतकंच पुरे. सायलोसायबिनचा भक्कम पुरावा नैराश्याचा आहे, पीटीएसडीचा अजून नाही.

भारतात अशा औषधांपैकी कायद्याने वापरता येतं ते फक्त केटामाइन. १९६२ मध्ये तयार झालेलं, व्हिएतनाममध्ये रणांगणावर वापरलेलं भुलीचं औषध. आपल्या शस्त्रक्रियागृहांत ते रोज वापरलं जातं, कडक नियंत्रणाच्या शेड्यूल एक्समध्ये आहे आणि मोठ्या शहरांत नैराश्यासाठी त्याचं इंजेक्शन देणारी केंद्रंही निघाली आहेत. म्हणून त्याचा पुरावा नीट पाहायला हवा. २०२१ च्या एका छोट्या अभ्यासात, तीस रुग्णांत, निकाल चांगला आला. पण २०२२ मध्ये १५८ माजी आणि सेवेतल्या अमेरिकन सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत चार आठवड्यांत आठ वेळा केटामाइन देऊनही पीटीएसडीच्या लक्षणांत नकली औषधाहून ठरवण्यासारखा फरक पडला नाही. नैराश्य मात्र कमी झालं. जवानाच्या बायकोने कर्ज काढून नवऱ्याला अशा केंद्रात न्यावं, असं हा पुरावा सांगत नाही.

एमडीएमए, एलएसडी, सायलोसायबिन यांना १९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा लागू होतो. एमडीएमएचे दहा ग्रॅम सापडले तर ती व्यापारी मात्रा ठरते आणि किमान दहा वर्षांची शिक्षा होते. कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाचा अपवाद आहे, म्हणजे रीतसर संशोधनाचं दार कायद्याने पूर्ण बंद केलेलं नाही. ते उघडायचं तर मोठ्या सरकारी संस्थेने उघडावं. बंगळुरूचं निम्हान्स, पुण्याचं सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय किंवा आमचं रायपूरचं एम्स.

मात्र या सगळ्या निकालांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच आकडा: २०२३ च्या चाचणीतले ४७.६ टक्के. हे लोक नकली गोळीच्या गटातले होते. त्यांना एमडीएमए मिळालंच नाही. तीच खोली, तेच दोन उपचारक, तेच बेचाळीस तास एवढंच मिळालं, आणि जवळजवळ निम्म्यांचं निदान उरलं नाही. औषधाने त्यावर भर घातली, हे खरं. पण पाया माणसांनी दिलेल्या वेळाचा होता. आपल्याकडे बंदी औषधावर आहे. त्या पायावर कोणतीही बंदी नाही. तरी तो आपल्या जवानाला मिळत नाही.

का मिळत नाही, हे छत्तीसगड आणि गडचिरोलीत पाहा. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटलात ७६ जवान गेले. २४ एप्रिल २०१७ रोजी बुरकापालजवळ २५. ३ एप्रिल २०२१ रोजी बिजापूर-सुकमाच्या सीमेवर २२. गडचिरोलीत ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीला १७ पोलीस आणि महाराष्ट्र दिनी, १ मे २०१९ रोजी, जांभुळखेड्यात भूसुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांचा चालक. प्रत्येक घटनेत वाचलेले जवान आहेत आणि मृतदेह गोळा करणारे आहेत. जखमींना हेलिकॉप्टरने रायपूरला किंवा नागपूरला आणतात, शरीरावर तातडीने उत्तम उपचार होतात. मनाची तपासणी कोण करतं?

तपासणी झाली तरी जवान खरं सांगेल का, हाही प्रश्न आहे. दलांत वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ पद्धतीने ठरते आणि त्यातलं पहिलं अक्षर मनाचं. तिथे श्रेणी घसरली की ‘लो मेडिकल’ लागतं, बढती आणि नेमणूक अडते. मग माणूस झोप येत नाही एवढंच सांगतो आणि रात्री रम घेतो. परिणाम आपण पाहिले आहेत. ४ डिसेंबर २०१९ रोजी नारायणपूरच्या कडेनारच्या आयटीबीपी तळावर जवानाने साथीदारांवर गोळ्या झाडल्या, त्याच्यासह सहा जण गेले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी सुकम्यातल्या लिंगमपल्लीच्या सीआरपीएफ तळावर तशाच घटनेत चार. प्रत्येक घटनेमागे पीटीएसडीच होता असं म्हणता येणार नाही, रजा, घरचे वाद, अपमान अशी कारणंही असतात. गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत सांगितलं की पाच वर्षांत केंद्रीय दलांतल्या ७३० जवानांनी आत्महत्या केली. त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक रजेवरून परतल्यावर झाल्या, असं त्याच माहितीत आहे. घर सोडून पुन्हा तळावर जाण्याचा तो आठवडा सर्वांत धोक्याचा, हे कळल्यावर त्या आठवड्यात प्रत्येकाशी कुणीतरी बसून बोललं पाहिजे. छत्तीसगड पोलिसांनी २०२० मध्ये ‘स्पंदन’ अभियान सुरू केलं, ते योग्य दिशेचं पाऊल होतं.

निवृत्तीनंतर तर आधार आणखी पातळ होतो. सीआरपीएफचा जवान निवृत्त झाला तरी तो कायद्याने ‘माजी सैनिक’ नसतो. २०१२ मध्ये त्याला वेगळी ओळख दिली गेली, पण सैन्याची ईसीएचएस ही आरोग्य योजना त्याची नाही. जिल्हा राखीव गार्डातला बस्तरचा पोरगा आणि गडचिरोलीच्या सी-६० मधला कमांडो हे तर राज्य पोलीस. लढाई सर्वांची एकच, पण दवाखाना ज्याच्या त्याच्या नशिबाचा. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, प्रमाण ०.७५ आहे. बीरगांवहून निघणारा बिलासपूर रस्ता धरला तर शंभर किलोमीटरच्या पुढे सेंदरीला राज्याचं सरकारी मनोरुग्णालय लागतं. निवृत्त जवानाला आणि त्याच्या घरच्यांना ते वेड्यांचं हॉस्पिटल वाटतं, म्हणून कुणी जात नाही. भाषेचंही आहे. जो गोंडी, माडिया किंवा हलबीत स्वप्नं पाहतो, त्याला इंग्रजी प्रश्नावलीच्या हिंदी भाषांतरावर खूण करायला लावून काय कळणार?

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला अवघड, पण टाळून चालणार नाही. युद्धातला आघात केवळ भीतीचा नसतो. जोनाथन शे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने व्हिएतनामच्या सैनिकांबद्दल लिहिताना नैतिक जखमेची गोष्ट मांडली. आज तिचा अर्थ असा घेतात: जे करू नये ते केल्याची किंवा होताना पाहिल्याची जखम. २८ जून २०१२ रोजी बिजापूर जिल्ह्यातल्या सारकेगुड्यात १७ गावकरी मारले गेले. ते माओवादी असल्याचा पुरावा नाही, असं न्यायिक आयोगाने पुढे नोंदवलं. त्या रात्री तिथे असलेल्या जवानांच्या मनात काय आहे? आणि त्या गावातल्या आयांच्या? एमडीएमएच्या खोलीत असंच काहीतरी वर येतं. तेव्हा ते गुन्ह्याची कबुली ठरेल की उपचार, गुप्तता कुणाची आणि कुठवर, हे आधी ठरवलेलं हवं. गावकऱ्यांना उपचार न देता फक्त वर्दीतल्या माणसाला देणं मला मान्य नाही. जिल्हा रुग्णालयात एकच खोली असावी, तिथे दोघांनाही जाता यावं.

म्हणून माझं मत असं. भारताने एमडीएमएवर संशोधन करावं, पण सरकारी संस्थेत, नोंदणी करून, प्रत्येक बैठकीचं चित्रीकरण ठेवून आणि दोन उपचारकांपैकी एक महिला असावी अशा अटीवर. केटामाइनची खाजगी केंद्रं पीटीएसडीचा दावा करत असतील तर औषध प्रशासनाने त्यांना पुरावा विचारावा. आणि औषधाची वाट न पाहता जगदलपूर, गडचिरोली, रायपूर, नागपूर इथे आघातावरच्या बोलण्याच्या उपचारांत तयार झालेली माणसं नेमावीत. त्यांच्याकडे गेल्याची नोंद जवानाच्या श्रेणीवर जाणार नाही, असा लेखी आदेश निघावा. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा वेगळा कक्ष सुरू झाला. तशीच सोय केंद्रीय दलांच्या आणि राज्य पोलिसांच्या निवृत्तांनाही मिळावी, हे मागणं फार मोठं नाही.

तुमच्या घरी जंगलातून परतलेला माणूस असेल तर दोन गोष्टी सांगतो. कुणी गुपचूप ‘ती परदेशी गोळी’ आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. रक्तदाब असेल, नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, घरात कुणाला मनोविकार असेल तर ती जिवावर बेतू शकते आणि पकडली गेली तर तुरुंग ठरलेला. आणि जर तो झोपत नसेल, दारूवर आला असेल, मुलांवर विनाकारण ओरडत असेल किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर त्याच्या शेजारी बसून १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं.